घोड्याचं सामान, जकात अठरा रुपये

टपाल खात्यात मी सत्तावीस वर्षं काढली, पण दिवाळीची पोस्त मला एकदाही मिळाली नाही. पोस्त मिळते पोस्टमनला. तो दारात येतो, मनिऑर्डर देतो, दोन शब्द बोलतो, कुणी त्याच्या हातावर लाडूही ठेवतं. मी बसायचो पार्सलच्या खिडकीत, आणि तेही परदेशी पार्सलच्या. माझ्याकडे माणूस यायचा तो स्वतःचीच वस्तू पैसे भरून सोडवायला, आणि जाताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून जायचा. त्यात त्याचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. संपादकांनी 'नोकरीतल्या गमती लिहा' असं कळवलं आहे. गमती थोड्या आहेत. राग पुष्कळ आहे, आणि पेन्शनीत गेल्यावरही तो उतरलेला नाही, तेव्हा तोच लिहितो.

आधी हे काम काय ते सांगतो, कारण ज्यांच्या घरचं कुणी बोटीनं गेलं नाही त्यांना ते ठाऊक असायचं कारण नाही. परदेशातून आलेलं पार्सल मुंबईला उतरतं. तिथे जकातीचा कारकून सुतळी कापतो, आत डोकावतो किंवा डोकावतही नाही, पाठवणाऱ्यानं चिकटवलेला कागद वाचतो आणि वस्तू कुठल्या जातीची हे ठरवतो. कापडाला एक दर, चामड्याला दुसरा, खेळण्यांना तिसरा. किंमतही तोच मनाशी धरतो. मग चिठ्ठी लावायची, पुन्हा सुतळी, गाठीवर लाखेची मोहर, की पार्सल निघालं आमच्याकडे. आम्ही चिठ्ठीवरचा आकडा वसूल करायचा. तो वसूल करण्याची तसदी खात्याला पडते, म्हणून तिची फी वेगळी. म्हणजे तुमच्याकडून पैसे घेण्याचे कष्ट आम्हाला होतात, त्याचेही पैसे तुम्हीच द्यायचे! बाहेर पडलं की शहराच्या नाक्यावरची जकात उभीच.

नियम दोन. पैसे भरल्याशिवाय पार्सल उघडायचं नाही, आणि सही करून ताब्यात घेतलं की तक्रार करायची नाही. वस्तू बघण्याआधी बोलायची सोय नाही आणि बघितल्यावर बोलायचा हक्क नाही. अहो, गुरांच्या बाजारातसुद्धा आधी बैलाचे दात बघू देतात.

या दोन नियमांच्या मधे एक चोरवाट मात्र होती. पार्सल ताब्यात न घेता, मोहर शाबूत ठेवून, पुराव्यासकट अर्ज केला तर मुंबईवाले आकारणीचा फेरविचार करत. ही गोष्ट इंग्रजी नियमपुस्तकाच्या पोटात होती आणि गिऱ्हाइकाला सांगायची पद्धत नव्हती. ती ठाऊक होती बाहेर लिंबाखाली बाकडं टाकून बसणाऱ्या एजंटांना. पण अर्ज लिहिण्यात वेळ मोडतो, म्हणून तेही ती सांगत नसत. ते गिऱ्हाइकाच्या वतीनं फॉर्म भरायचे, पैसे भरायचे, पार्सल आणून हातात द्यायचे आणि दोन रुपये घ्यायचे. त्याला त्यांनी 'सोडवणावळ' असं नाव ठेवलं होतं. जशी दळणावळ, तशी सोडवणावळ. मला त्यांची चीड होती. आपल्याच माणसांना आपल्याच वस्तूसाठी लुबाडतात म्हणून मी त्यांच्याकडे बघायचोसुद्धा नाही.

जळगावात असताना ती चोरवाट मी प्रथम वापरली. तिथल्या एका वकिलांचा मुलगा विलायतेत शिकायला गेला होता. जाताना त्यानं इथे शिवलेला लोकरी कोट नेला. तिकडच्या थंडीपुढे तो टिकेना, म्हणून पोरानं तो धाकट्या भावासाठी परत पाठवला. मुंबईच्या कारकुनानं चिठ्ठी लावली: विलायती तयार कपडे. वकीलसाहेब खिडकीशी येऊन थयथयाट करू लागले. मी म्हटलं, "साहेब, ताबा घेऊ नका. शिंप्याला बोलवा."

शिंपी आला. पार्सल उघडता येत नव्हतं, म्हणून त्यानं कोटाची हकिगत तोंडीच सांगितली आणि मी ती लिहून घेतली: आतल्या खिशाखाली निळ्या दोऱ्याची फुली, कॉलरच्या आत त्याच्याच दुकानाच्या कापडाचा तुकडा. "शिवण माझी, काजं माझ्या बायकोची, आणि जकात विलायतेची? हा कुठला न्याय, रावसाहेब?" असं त्यानं विचारलं. तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं मी इंग्रजीत घातलं. दीड महिन्यानं जकात माफ होऊन आली. माझी छाती अशी फुगली की पुढची चार वर्षं मी ती गोष्ट भेटेल त्याला सांगत होतो. घरी बायकोनं तर हात जोडले होते.

कोटवाल्या पोराचं दीड महिन्यात काही बिघडलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नाही.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली. खिडकी तीच, बाहेर लिंब तसाच, आणि लिंबाखाली रंगनाथराव नावाचे एजंट. पिकलेल्या मिशा, काळी टोपी, नाकावर चष्मा, बोलणं मऊ. मी त्यांचा नमस्कार घेत नसे.

होळीच्या आसपासची गोष्ट. साक्रीकडच्या एका खेड्यातली भागाबाई नावाची बाई खिडकीशी आली. कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी, यमुना. एवढी मोठी मुलगी कडेवर का, ते तिच्या पायाकडे पाहिल्यावर कळलं. दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला होता. नवरा दगडू इराकात बसऱ्याला एका कारखान्यात फिटर. भागाबाईनं मुलीच्या पायाचं माप दोऱ्यानं घेतलं होतं. टाचेला एक गाठ, गुडघ्याला एक, मांडीला एक. तसे दोन दोरे केले, एक स्वतःजवळ ठेवला आणि दुसरा पत्रात घालून बसऱ्याला पाठवला. दगडूनं तिकडच्या डॉक्टरला विचारून, सुटीच्या दिवशी कारखान्यात बसून, पायाला बांधायचा आधार स्वतःच्या हातानं केला. दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी, चामड्याचे पट्टे. पार्सलवरचा कागद भरून देणाऱ्यानं लिहिलं, 'चामड्याचे व लोखंडी सामान'. मुंबईच्या कारकुनानं पट्टे पाहिले, बकलं पाहिली आणि ठरवून टाकलं: घोड्याचं सामान, जकात अठरा रुपये.

मी ते वाचून दाखवलं. भागाबाई हसलीच.

"घोडा? आमना घर घोडा नही, मास्तर, बैल बी नही. हाई त मनी पोरना पायनं शे."

मग तिनं पदराची गाठ सोडली आणि पैसे खिडकीत ठेवले. "पैसा मी लई उनू शे. त्यासनी धाडेल शेतस. द्या पारसल. आखाजीले मनी पोर उभी ऱ्हाई."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात पोरींचं राज्य असतं. झाडाझाडाला झोके, गाणी, माहेरवाशिणी. यमुनेनं मागच्या आखाजीला सगळं खाली बसून पाहिलं होतं.

वाचकहो, त्या बाईनं पैसे आणले होते. मोजून, पुरे. मी ते घ्यायचे, सही म्हणून अंगठा उठवायचा आणि पार्सल द्यायचं, एवढंच माझं काम होतं. पण माझं डोकं तापलं होतं. बापानं लेकीसाठी हातानं घडवलेली वस्तू, तिला घोड्याचं सामान म्हणता? अठरा रुपये? सरकारला लाज नाही ती नाही, पण मी माझ्या हातानं ते घेऊ? मी पैसे परत तिच्याकडे सरकवले.

"उचला ते, बाई. एक पैसा द्यायचा नाही. मी अर्ज करतो. आखाजीच्या आत फुकट सुटेल."

रंगनाथराव तिच्या मागे उभे होते. ते म्हणाले, "साहेब, भरू द्या तिला. मी सोडवून देतो, माझं काही देऊ नका म्हणावं."

"तुमचं दुकान तिकडे लिंबाखाली," मी म्हणालो. ते गेले.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांकडून मी दाखला आणला. भागाबाईजवळचा दोरा पुरावा म्हणून अर्जाला टाचला. असा अर्ज मी जन्मात लिहिला नव्हता, त्यातलं इंग्रजी मला आजही पाठ आहे. पार्सल फेरतपासणीला मुंबईला पाठवा, असा हुकूम यायलाच पाच आठवडे गेले. ते निघायच्या दिवशी भागाबाई साक्रीहून आली.

"मास्तर, माले एकदाव देखू द्या. त्यासना हातनं शे."

नियमात बसत नव्हतं, पण मी पार्सल आणून खिडकीच्या फळीवर ठेवलं. तिनं दोन्ही हात त्यावरून फिरवले. मग कनवटीची पुडी काढली, हळद-कुंकू बोटावर घेतलं आणि पार्सलवर लावलं. लावायचं कुठे? गोल, लाल, सगळ्यांत वर आलेलं असं त्यावर काय होतं, तर लाखेची मोहर. तिनं तिथेच लावलं, तेलकट बोटानं, चांगलं चोळून. यमुनेलाही वाकवून पाया पडायला लावलं. आपल्याकडे नवा नांगर आला, नवी चूल आली तरी कुंकू लागतं. माझ्या आईनंही तेच केलं असतं. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले होते. ते कुंकू पुसून काढावं हे मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी माझा हात झाला नसता.

आखाजी आली आणि गेली. मग मुंबईचं उत्तर आलं. मोहरेवर परका रंग व चिकट पदार्थ आढळला, अक्षरं बुजली आहेत, सबब मोहर फोडल्याचा संशय, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. संबंधित कारकुनानं खुलासा करावा.

मी खुलासा केला. हळद म्हणजे काय, कुंकू म्हणजे काय, ते कुणाला लावतात आणि का लावतात, हे मी सरकारी कागदावर इंग्रजीत लिहिलं. 'लाल रंगाची धार्मिक भुकटी' असे शब्द वापरले. लाजेनं कान तापले होते. वाटलं, साहेब गोरा असेल, त्याला काय कळणार बिचाऱ्याला. उलट टपाली उत्तर आलं, 'भुकटी लावताना आपण हजर होता काय?' खालची सही आपल्याच माणसाची होती, चांगली देशस्थी आडनावाची. त्याच्या घरी रोज सकाळी उंबऱ्याला हळद-कुंकू लागत असेल! तो ते ओलांडून कचेरीत येत असेल आणि तिथे बसून त्याला परका रंग म्हणत असेल! त्या माणसाची आणि माझी गाठ कधी पडली नाही, ते त्याच्या दृष्टीनं बरंच झालं.

मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. माझी वेतनवाढ एक वर्ष थांबली, त्याचं मला काही नाही. पण प्रत्येक कागदाला तीन-चार आठवडे लागत होते. भागाबाई दर महिन्याला यायची. गाडीभाडं मोडून, पोरीला कडेवर घेऊन यायची आणि खिडकीशी उभी राहायची. मी म्हणायचो, "आलंच आता." एकदा तिनं विचारलं, "मास्तर, बठ्ठा पैसा भरी देऊ का?" तेव्हा पार्सल मुंबईतच अडकलं होतं, आणि शिवाय मी हट्टाला पेटलो होतो. "आता माघार घ्यायची नाही, बाई," असं मी म्हणालो. माघार कुणाची आणि लढाई कुणाची, हे मी स्वतःला विचारलं नाही.

दिवाळी उलटल्यावर पार्सल परत आलं. निकाल असा: जकात कायम, अठरा रुपये. पार्सल इतके दिवस ठेवून घेतल्याचं भाडं वेगळं. अर्जासोबतचा दोरा अनावश्यक म्हणून परत. त्यालाही त्यांनी चिठ्ठी टाचून नंबर घातला होता.

भागाबाईनं सगळे पैसे मोजून भरले. मी खिडकी बंद करून बाहेर आलो आणि ओटीवर बसून स्वतः सुतळी कापली. काय वस्तू होती ती! पट्ट्यांना कुठे धार राहू नये म्हणून कानस मारून गोल केलेल्या, आतून मऊ फ्लॅनेल लावलेलं. भागाबाईनं यमुनेला पायरीवर बसवलं आणि तो आधार पायाला लावला. टाच बसवली तर बिजागरी गुडघ्याखाली येत होती. गुडघा बसवला तर टाच बाहेर. मला वाटलं आपण उलटा लावतो आहोत. मी फिरवून पाहिला. मग भागाबाईनं परत आलेला तो दोरा उचलला, टाचेची गाठ टाचेला धरली आणि वर ताणला. गुडघ्याची गाठ गुडघ्याच्या चार बोटं खाली राहिली.

"पाय वाढी गया, मास्तर," ती म्हणाली.

रंगनाथराव बाकड्यावरून उठून आले होते. त्यांनी दोरा पाहिला, पाय पाहिला. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते बोलणं माझ्या काळजात अजून रुतून आहे. "मी फार तर दोन रुपये घेतले असते, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही तिचं वरीस घेतलं."

त्यांनीच पुढे होऊन मुलीला उचललं आणि आम्हाला टांगा अड्ड्यावर करीमचाचांकडे नेलं. चाचा टांग्याच्या घोड्यांचं सामान करणारे कारागीर. म्हणजे अखेर ती वस्तू घोड्याच्या सामानवाल्याकडेच गेली. मी त्यांना जकातीची चिठ्ठी दाखवली. त्यांनी आधार हातात घेतला, शिवण उलटून पाहिली, फ्लॅनेलवरून अंगठा फिरवला.

"घोड्याचं इतकं बारीक कोण शिवतो, साहेब? ज्यानं हे केलं त्याच्या घरी पोर असणार."

त्यांनी पट्ट्यांना जोड दिले, नवे पट्टे लावले. यमुना उभी राहिली. पण डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हे वर्षभर आधी व्हायला हवं होतं. शीर आखडली आहे. आता चालेल, पण टाच कधी पुरती टेकणार नाही. हे भागाबाईला त्यांनीच सांगितलं, मला सांगवलं नाही. तिनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी थोडा सुटलो असतो.

त्या दिवसापासून रंगनाथरावांना नमस्कार मी आधी करू लागलो. सोडवणावळीबद्दलची माझी चीड गेली असं मात्र नाही. जो कारभार माणसाला स्वतःची वस्तू घ्यायला दलाल लावायला भाग पाडतो, तो कारभार हलकटच. दलालाशिवाय जाणाऱ्याचं वर्ष गिळतो, तो त्याहून हलकट. आणि खिडकीत बसून दुसऱ्याच्या पोरीच्या पायावर स्वतःची तत्त्वं तपासणारा कारकून कोण, ते वाचकांनी ठरवावं.

मी निवृत्त व्हायच्या दोनेक वर्षं आधी बसऱ्याहून दुसरं पार्सल आलं. यमुनेचा पाय पुन्हा वाढला होता, दगडूनं नवा आधार पाठवला होता. मायलेकी दोघी आल्या, यमुना चालत. तिच्या पायातलं लोखंड फरशीवर वाजत होतं आणि ते मला खिडकीत बसून दारापासून ऐकू आलं. मी चिठ्ठी वाचली. घोड्याचं सामान, जकात अठरा रुपये.

माझं डोकं पुन्हा तापलं. मी तोंड उघडलं. भागाबाईनं मोजून आणलेले पैसे तोवर फळीवर ठेवले होते.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," ती म्हणाली. "पाय थांबत नही."

मी अठरा रुपये घेतले, पावती फाडली आणि तिच्यावर शिक्का मारला.